सोड म्हणेपर्यंत

ब्रेकचं पेडल खाली जातं त्याला फार कारणं नसतात. तेल गळतं, नाहीतर नळीत हवा शिरते, नाहीतर मास्टर सिलिंडरमधलं रबर कामातून जातं. डोकं शांत ठेवून एकेक तपासत गेलं की कारण सापडतंच. मी हे काम सत्तर सालापासून करतोय. अड्याळला, भंडारा-पवनी रस्त्याला लागून एका चिंचेखाली माझं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार लाकडी बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि गाडीखाली उतरायला एक खड्डा. नाव मधुकर, पण लोक नुसतं मिस्त्री म्हणतात. बॉनेटला लिंबू-मिरच्या बांधून आलेल्या ड्रायव्हरला मी आधी विचारायचो, रेडिएटरमध्ये पाणी पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसायचं.

त्र्याऐंशीच्या आषाढात, धानाची रोवणी ऐन भरात असताना, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला नत्थू एक पिकअप घेऊन आला. नत्थू हा धानाचे व्यापारी भैय्यालाल शेठ यांचा नवा ड्रायव्हर. गाडी जीपच्या तोंडाची, मागे लाकडी फळ्यांचा डाला. ती रस्त्यावरून वळताना मी लगेच ओळखली. तीन-साडेतीन वर्षं ती शेठच्या गोदामामागे गवतात पडून होती. यंदा ट्रॅक्टरची ट्रॉली मोडली म्हणून शेठनं भंडाऱ्याहून तिचं इंजिन दुरुस्त करून आणलं, हे मी ऐकलं होतं. ते काम माझ्याकडे आलं नाही याचा मला आनंदच झाला होता.

"मिस्त्री, पेडल खाली जाते जी," नत्थू म्हणाला.

"पंप मारला त वर येते का?"

"दाबाले सापडन तवा न! मी पाय ठेवाले जातो, त पेडल आधीच खाली जाऊन बसलेलं असते."

"झोपेत दाबत असशीन तूच."

"तुमी हासा. पन बॅटरी रोज सकाळी मेलेली. आन् आसगावच्या तलावाच्या पाळीवर पोचेस्तवर चारही ड्रम तापून लाल. मंग पाय फळीले टेकते, गाडी थांबत नाही. काल धानाच्या बांधीत घातली म्हनून वाचलो."

"मंग चालवतो कायले?"

"शेठले कोन सांगन? उद्या सकाळी बावीस बाया न्याच्या हायेत आसगावले, रोवणीवर. त्याच पाळीवरून." मग म्हणाला, "सुखरामची रंभाबाई बी हाय त्यात."

मी गाडी खड्ड्यावर घ्यायला सांगितली.

आता सुखरामचं सांगायलाच हवं. नत्थूच्या आधी या गाडीवर तो होता. एकोणऐंशीच्या कार्तिकात त्यानं ती माझ्याकडे ब्रेकची हवा काढायला आणली होती. हवा काढणं हे एकट्याचं काम नव्हे. एकजण वर पेडलवर बसतो, दुसरा खाली चाकाशी. खालचा म्हणतो 'दाब'. वरचा पेडल दाबून धरतो आणि म्हणतो 'धरला'. मग खालचा चाकामागचं निप्पल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, ढिलं करतो, हवेचे बुडबुडे तेलासोबत बाटलीत उतरतात, तो निप्पल कसतो आणि म्हणतो 'सोड'. सोड म्हणेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलट आत जाते. सुखरामसारखा वरचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. "हाव, धरला," म्हणायचा आणि हातातल्या कड्यानं दाराच्या पत्र्यावर दोनदा टकटक करायचा.

त्या दिवशी तीन चाकं झाली होती. चौथ्याचं, मागच्या डाव्या चाकाचं, निप्पल मी बोटांनी आवळलं आणि पाना घेणार एवढ्यात शेजारीण धावत आली. माझी बायको अडली होती. मी होतो तसा पळालो. दोन तासांनी मुलगा झाला. पेढे घेऊन परत आलो, तर सुखराम पेडलवर पाय देऊन तसाच बसलेला.

"अबे, अजून बसलाच हायेस?"

"तुमी सोड म्हनलं नाही न."

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं पोट धरून हसली. मीही हसलो. त्याला हाताला धरून खाली ओढला, तोंडात पेढा कोंबला. पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता, तो लंगडत होता. उशीर झाला होता, त्याला आसगावहून धानाची पोती आणायची होती. मी पेडल दोनदा हातानं दाबून पाहिलं, कडक लागलं. जा म्हटलं.

आसगावच्या अलीकडे तलावाच्या बांधावर, त्या पाळीवर, वळण आहे. तिथून गाडी सरळ तलावात गेली. दुसऱ्या दिवशी काढली तेव्हा सुखरामचा उजवा पाय पेडलवर होता. तो सोडवायला दोन माणसं लागली असं म्हणतात. तपासणीसाठी गाडी ट्रॅक्टरनं ओढत माझ्याच दारात आणून ठेवली. आरटीओचा साहेब यायचा होता. मी मागच्या डाव्या चाकाशी वाकलो, निप्पलला बोट लावलं, तर ते फिरलं. मी इकडेतिकडे पाहिलं, पाना घेतला आणि कसून टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागदावर आलं की ब्रेक ठीक होते, आणि गावानं बाकीचं स्वतः ठरवलं की सुखराम पिऊन होता. त्यानं उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं. तेराव्यानंतर रंभाबाई आली, एवढंच विचारलं, "भाऊ, तुमच्यापासूनच गेल्ते न ते. वास येत व्हता का?" मी म्हटलं, "ध्यानात नाही, बाई." तेव्हापासून गावात ती बेवड्याची बायको झाली. रस्त्यात दिसली की मी गाडीखाली जाऊन पडायचो.

तर ती गाडी आता पुन्हा माझ्या खड्ड्यावर होती.

मी पद्धतशीर सुरुवात केली. आधी बॅटरी. चार्ज केलेली दुसरी लावली आणि मागे जाऊन उभा राहिलो. मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला होता. ऊन होतं म्हणून अंधुक दिसत होता, पण लागला होता. नत्थू माझ्या शेजारी उभा होता. केबिनमध्ये कोणी नव्हतं.

"हेच न!" नत्थू म्हणाला. "म्हनून बॅटरी मरते."

"स्विच चिपकला असन."

या गाड्यांत तो स्विच पेडलवर नसतो, तेलाच्या नळीवर असतो. तेलावर दाब आला की दिवा लागतो. मी नवा स्विच लावला. दिवा तसाच. म्हणजे दाब खरा होता. म्हणजे चारही चाकांचे ब्रेक धरून होते, म्हणूनच ड्रम तापत होते, तेल उकळत होतं आणि शेवटी पेडल हातचं जात होतं. सगळं हिशेबात बसत होतं. फक्त धरलं कोणी, एवढंच राहिलं होतं.

केबिनमध्ये वाकून पाहिलं. पेडल पायाखालच्या फळीला टेकलेलं. हातानं वर ओढलं तर आलं नाही. मी जोर केला. मग ते सावकाश वर आलं, कोणी नाइलाजानं पाय सैल करावा तसं. रिटर्न स्प्रिंग मेली असणार, मी मोठ्यानं म्हणालो. नत्थूनं मान डोलावली.

हाताला काहीतरी चिकट लागलं. पेडलवरचं रबर तेलानं माखलेलं होतं. ब्रेकचं तेल म्हणावं, तर पेडलवर ते येईल कुठून? मी बोटांचा वास घेतला. जवसाचं तेल होतं. आणि कोमट होतं.

"पायाले तेल चोपडून गाडी चालवतो का बे?"

"माह्या घरी जवसाचं तेल नसतेच जी. मी रोज पुसतो, रोज येते. माहा पाय सरकते त्यानं." नत्थू कुजबुजल्यासारखं बोलत होता. भर दुपारी, वाहत्या रस्त्यावर.

मी त्याच्यावर चिडलो. भीती वाटली की माझं असं होतं, वड्याचं तेल वांग्यावर निघतं. त्याला दोन शिव्या घातल्या आणि कामाला लागलो. पेडलचं रबर पुसून कोरडं केलं, स्प्रिंग बदलली. पेडलला अर्धा इंच खेळ दिला. मास्टर सिलिंडर उतरवून उघडला, तेल परत फिरायचं बारीक भोक तारेनं साफ केलं, रबराचं सगळं किट नवं घातलं. जुनं काढलेलं किट उजेडात धरून पाहिलं. त्यात काही दोष नव्हता. मिस्त्रीला जुन्या मालात दोष सापडला नाही की चैन पडत नाही. मी ते किट फेकून न देता खिशात ठेवलं, का ते ठाऊक नाही.

तीन वाजता नवं तेल भरलं. हवा काढायची तेवढी राहिली. नत्थू वर बसला. मी पुढची दोन चाकं केली, मागचं उजवं केलं. नत्थूचा आवाज प्रत्येक वेळी लहान पोरासारखा यायचा, "धरलाऽ". मग मी मागच्या डाव्या चाकाखाली सरकलो. खाली गार होतं. ओल्या मातीचा वास येत होता. रबराची नळी निप्पलवर चढवली, दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दाब."

पेडलची कुरकुर ऐकू आली.

"हाव, धरला."

पत्र्यावर दोनदा टकटक झाली.

मी निप्पल ढिलं केलं. बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल आलं. हात आपले सवयीनं चालले होते. चार वर्षांपूर्वी जशी वाजायची तशीच ती टकटक वाजली होती, आणि म्हणूनच ती मला खटकली नाही. मी निप्पल बोटांनी आवळलं आणि 'सोड' म्हणायला तोंड उघडलं.

तेव्हा गाडीखालून मला रस्ता दिसला. चिखलानं भरलेल्या चपलांतले दोन पाय टपरीकडून माझ्याकडे येत होते. नत्थूचे. त्याच्या हातात चहाचे दोन ग्लास होते.

"मी म्हनलं व्हतं न मिस्त्री, चहा सांगून येतो," तो म्हणाला. "आयकू नाही आलं का?"

माझ्या डोक्यावर लाल दिवा लागलेला होता.

बोटांत निप्पल होतं. बोटांनी आवळलेलं, पान्यानं न कसलेलं. मी पाना घेतला. तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. मी कसलं. चार वर्षांनी कसलं.

मग बाहेर आलो आणि केबिनमध्ये पाहिलं. पेडल फळीला टेकलेलं होतं. मघाशी मी पुसून कोरडं केलेलं रबर तेलानं चकाकत होतं.

एक शब्द बोलायचा होता. तो मी तिथेच बोलू शकलो असतो. नत्थूला काही कळलं नसतं, दिवा विझला असता, गाडी उद्या सुखरूप गेली असती आणि मूठ झाकलेलीच राहिली असती. मला माझीच किळस आली. नत्थूला म्हटलं, "गाडीले हात लावू नको," आणि बाजारामागे रंभाबाईच्या घराकडे निघालो.

उन्हं अजून उतरायची होती. ती नुकतीच रोवणीवरून आलेली दिसत होती, पायांची कातडी पाण्यानं पांढरी होऊन सुरकुतली होती. अंगणात चुलीसमोर बसली होती. निखाऱ्यावर जर्मनची वाटी, वाटीत तेल. वास अंगणाच्या फाटकापर्यंत येत होता. जवसाचा.

मी बसलो नाही. उभ्यानंच बोललो. "रंभाबाई, सुखराम पिऊन नव्हता. निप्पल माह्या हातानं ढिलं राह्यलं. मंग कोनाले दिसू नये म्हनून मीच ते कसून टाकलं."

ती वाटीकडेच पाहत होती. "मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"त्यायनंच." तिनं पदरानं वाटी धरून खाली उतरवली. "सांजचे येतेत. उजवा पाय लांब करून बसतेत. मी तेल लावून चेपून देते, पन दुखनं काही जात नाही. म्हनतेत, मिस्त्रीनं अजून सोड म्हनलं नाही."

तिनं चुलीतले निखारे मागे ओढले.

"मी किती डाव म्हनलं, सोडा आता. त म्हनतेत, ज्यानं दाब म्हनलं, त्यानंच सोड म्हनाव."

ती उठली, हात पुसले आणि माझ्या पुढे चालू लागली.

गॅरेजवर आलो तर भैय्यालाल शेठ येऊन उभे होते, टपरीवरची सात-आठ माणसंही जमली होती. दिवा विझत नाही, हे नत्थूनं सगळ्यांना दाखवलं होतं. त्या सगळ्यांसमोर मी पुन्हा सांगितलं. निप्पलचं, पान्याचं, साहेब यायच्या आधीचं. शेठ एकदा माझ्याकडे आणि एकदा रंभाबाईकडे पाहत राहिले.  चार वर्षांपूर्वी हसलेली त्यातली तीन माणसं तिथे होती.

रंभाबाई ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उभा राहिलो.

"सोड, सुखराम," मी म्हणालो.

पेडल खटकन वर आलं.

दिवा विझला.

सीटची स्प्रिंग कुरकुरली आणि गाडी उजवीकडून किंचित उचलली गेली, माणूस उतरल्यावर उचलली जाते तशी. रंभाबाई एक पाऊल बाजूला सरली, वाट दिली. मग ती बराच वेळ आसगावच्या दिशेला पाहत होती.

"आज तेल जास्तीचं तापवलं व्हतं," ती म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बावीस बाया त्या गाडीतून आसगावला गेल्या आणि सांजच्याला परत आल्या. मी दिवसभर एका कामाला हात लावला नाही. नत्थूनं येऊन सांगितलं की पेडल एक नंबर, ड्रम गार. मी रबरावरून बोट फिरवलं. कोरडं होतं. त्या वर्षी माझ्याकडे येणाऱ्या गाड्या निम्म्या झाल्या, आणि त्याबद्दल मला कोणाचा राग नाही. सुखरामला बेवडा म्हणणं मात्र गावानं बंद केलं.

पाचव्या दिवशी रंभाबाई आली. तीच जर्मनची वाटी, तेलानं भरलेली. "राहू द्या तुमच्यापासी. गंजले नटबोल्ट सोडवाच्या कामी येईन," ती म्हणाली. "माह्या घरी आता कायले पाह्यजे? येतच नाहीत." निघताना ती बल्लीला धरून उभी राहिली. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "तुमाले कुठं दिसले त सांगजा, भाऊ. पाय बरा झाला का, तेवढंच इचाराचं व्हतं."

मी वाटी हत्यारांच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तेल बोटभर कमी होतं. उंदीर, मी म्हटलं. संध्याकाळी वाटी ट्रकच्या चाकाच्या जुन्या लोखंडी ड्रमखाली झाकून गेलो. तो ड्रम उंदराला काय, लहान पोरालाही हलायचा नाही. सकाळी ड्रम जागच्या जागी होता आणि वाटी अर्धी झाली होती. खड्ड्याच्या काठाशी मी बसतो तो स्टूल कोणीतरी आणून ठेवला होता, आणि स्टुलासमोरच्या धुळीत एका टाचेची खूण होती. उजव्या.

आता वाटी संपत आली की मी बाजारातून जवसाचं तेल आणून ती भरतो. भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर तो माझ्याकडे येतो याचा मला आधार वाटतो, आणि म्हणूनच मी ते कोणाला सांगितलेलं नाही.

रंभाबाई बाजाराला जाताना दर आठवड्याला गॅरेजसमोर थांबते. "दिसले का जी कुठं?" विचारते. मी म्हणतो, "नाही बाई." तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या कुठल्यातरी गाडीच्या पत्र्यावर दोनदा टकटक होते. ती मान वळवते. मग मी हातातला पाना फळीवर दोनदा आपटतो, म्हणजे आवाज माझाच होता असं तिला वाटावं.